धागा: ठिबकसाठी ईएसपी३२ कंट्रोलर – बोर्ड छापायला टाकण्याआधी तपासून हवा आहे

ठिबकवही

नमस्कार मंडळी. चार व्हॉल्व्ह आणि विहिरीवरचा पंप सांभाळणारा कंट्रोलर किकॅडमध्ये (सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर) काढला आहे. गर्बर फाइली (बोर्ड छापणाऱ्याला द्यायच्या) पाठवण्याआधी जाणकारांनी नजर टाकावी. स्कीमॅटिक आणि लेआउट जोडले आहेत, पण मोबाइलवर बारीक दिसतं म्हणून शब्दांतही लिहितो.

पॉवर: बाहेर बसवलेला २४ व्होल्ट एसी, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हच्या कॉइलही याच २४ व्होल्ट एसीवर. बोर्डावर एसीचं डीसी करणारा डीबी१०७ ब्रिज, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, ५ व्होल्टचा स्विचिंग रेग्युलेटर एलएम२५९६-५ (३३ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर, १एन५८२२ डायोड), पुढे ३.३ व्होल्टसाठी एएमएस१११७.

कंट्रोलर ईएसपी३२-व्रूम-३२ई, वायफायवाली चिप. रिले एसआरडी-०५, पाच नग, यूएलएन२००३ (रिले चालवणारी चिप) मधून. व्हॉल्व्ह जीपीआयओ (चिपच्या इनपुट-आउटपुट पिना) २५, २६, २७, १४ वर आणि पंप १५ वर. पंपाचा रिले थेट थ्री-फेज डीओएल (मोटारीला सरळ लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरच्या कॉइल सर्किटमध्ये जाईल.

पाणी मीटरचा रीड स्विच (चुंबक समोर आलं की लागणारा) जीपीआयओ१२ वर, १० केचा पुल-अप (पिन हाय धरणारा रेझिस्टर) लावून. टाकीचा फ्लोट ३५ वर, त्याचा पुल-अप सॉफ्टवेअरमधून देणार. मातीतल्या ओलाव्याचे दोन कपॅसिटिव्ह सेन्सर ४ आणि ३४ वर. घड्याळ डीएस३२३१, पिना २१-२२.

बोर्ड १२० × ९० मिमी, दोन थर, खालचा थर सगळा ग्राउंड. ईआरसी आणि डीआरसी (किकॅडच्या जोडण्यांच्या आणि लेआउटच्या तपासण्या) दोन्हींत एकही तक्रार नाही.

रोहित्र

ईआरसी स्वच्छ आहे म्हणजे तारा जोडलेल्या आहेत एवढंच. व्होल्टेज किती चढेल ते तो सांगत नाही. तेव्हा आधी पॉवरचा हिशेब मांडू.

२४ व्होल्ट हे भरलेल्या लोडवरचं आरएमएस, म्हणजे शिखराचं नाही, परिणामी व्होल्टेज. छोटा ट्रान्सफॉर्मर मोकळा असताना १५ ते २० टक्के जास्त देतो, आणि तुमचा कंट्रोलर बहुतेक वेळ मोकळाच असणार, कारण व्हॉल्व्ह बंद असतात. त्यात शेतावरचा सिंगल फेज. शेजारचे पंप बंद झाले की लाइन २५०-२६० ला जाते, डीपीच्या जवळ असाल तर २७० सुद्धा धरून चला. म्हणजे:

२४ × (२७० ÷ २३०) × १.२ = ३३.८ व्होल्ट एसी
शिखर = ३३.८ × १.४१४ = ४७.८
ब्रिजचे १.४ वजा केले की कपॅसिटरवर ४६ व्होल्टच्या आसपास.

आता यादी पाहा. कपॅसिटर ३५ व्होल्टचा. तो २३० व्होल्टच्या शांत दुपारीसुद्धा मोकळ्या ट्रान्सफॉर्मरवर ३९ व्होल्ट पाहील. एलएम२५९६ ची चालण्याची मर्यादा ४०, कमाल सहनशक्ती ४५. १एन५८२२ उलट दिशेने ४० सोसतो. तिन्ही पार्ट एकाच कारणाने जाणार. त्यातही रेग्युलेटर बऱ्याचदा शॉर्ट होऊन मरतो, आणि मग आतले ४० व्होल्ट सरळ ५ च्या लाइनवर येतात. म्हणजे मागचं सगळं गेलं.

बदल असे करा. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट, १०५ डिग्रीचा. रेग्युलेटर एलएम२५७६एचव्ही-५, तो ६० व्होल्ट इनपुटपर्यंत चालतो. तो ५२ किलोहर्ट्झवर स्विच करतो, २५९६ सारखा १५० वर नाही, म्हणून इंडक्टर मोठा लागेल: २२० मायक्रोहेन्री, २ अँपिअर सॅच्युरेशनचा. डायोड एसआर३१०० (३ अँपिअर, १०० व्होल्ट). आउटपुटला ४७० ते १००० मायक्रोफॅरड, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला), १६ व्होल्ट.

आणि ५ च्या लाइनवर एसएमबीजे५.०ए टीव्हीएस (जादा व्होल्टेज दाबणारा डायोड), त्याच्या आधी १.५ अँपिअरचा फ्यूज. रेग्युलेटर शॉर्ट झालाच तर टीव्हीएस ती लाइन दाबून धरतो आणि फ्यूज उडतो.

कल्हईवाला

रोहित्र काकांना पूर्ण सहमत. एक जोड देतो. बाजारात मिळणाऱ्या सुट्या एलएम२५९६ मध्ये नकली माल भरपूर आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेताना नुसतं छापलेलं नाव पाहू नका. ओळखण्याची सोपी खूण: डायोडच्या कॅथोडला स्कोप लावा. खरा १५० किलोहर्ट्झच्या आसपास दिसतो, नकली बरेचदा ५० ते ६० वर. तो ३३ मायक्रोहेन्रीवर चालवला की रिपल करंट तिप्पट होतो, इंडक्टर तापतो आणि दोष इंडक्टरला दिला जातो.

मायक्रोहेन्री

पॉवरच्याच पानावर याहून गंभीर गोष्ट आहे. व्हॉल्व्ह टर्मिनल जे६ चा ‘कॉमन’ पाहा. त्याला ग्राउंडचं चिन्ह लावलं आहे आणि ब्रिजच्या निगेटिव्हलाही तेच चिन्ह. म्हणजे ट्रान्सफॉर्मरची एक तार आणि डीसी ग्राउंड एकच झाले.

फुल ब्रिजमध्ये हे चालत नाही. तार ‘ख’ ग्राउंडला बांधली, तर ज्या अर्ध्या सायकलमध्ये तार ‘क’ ग्राउंडच्या खाली जाते, तेव्हा ‘क’ चा खालचा डायोड सुरू होतो आणि अख्खं सेकंडरी त्या एका डायोडवर शॉर्ट. १ अँपिअरचा डीबी१०७ पहिल्याच सेकंदात जाईल, किंवा ट्रान्सफॉर्मर गुरगुरत तापत राहील. किकॅडला यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एकाच नावाचं नेट (जोडणी) आहे.

व्हॉल्व्हच्या परतीच्या तारेला वेगळं नेट द्या, नाव ‘एसी_कॉमन’. तो ट्रॅक ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलपासून थेट व्हॉल्व्हच्या टर्मिनलला न्या, खालच्या ग्राउंडला कुठेही शिवू देऊ नका. रिलेचे कॉन्टॅक्ट आपोआप वेगळे असल्यामुळे रिले वापरण्याचा फायदा इथेच आहे.

ठिबकवही

ताई, जे६ चं नेट बदललं, धन्यवाद. रोहित्र काका, एलएम२५७६एचव्ही घेतो. एक शंका: त्याऐवजी हाय-लिंकचा पीएम०१ बसवला तर? २३० वरून सरळ ५ व्होल्ट, हिशेबच नको.

रोहित्र

नको. पीएम०१ ५ व्होल्टला ६०० मिलिअँपिअर देतो. ईएसपी३२ चं वायफाय पाठवतानाचं शिखर ५०० च्या जवळ धरायचं असतं, त्यात एकेक रिले ७१ मिलिअँपिअर. आणि त्याची इनपुट मर्यादा २६४ व्होल्ट. शिवाय मग बोर्डावर २३० येतं, तेही जमिनीजवळच्या दमट पेटीत. ट्रान्सफॉर्मर बाहेर आहे तो बाहेरच राहू द्या. प्रायमरीला ३१५ मिलिअँपिअरचा आणि २४ व्होल्टच्या बाजूला २ अँपिअरचा, दोन्ही स्लो-ब्लो फ्यूज.

शून्यव्होल्ट

पिनांकडे येतो. ईएसपी३२ वर ०, २, ५, १२, १५ या स्ट्रॅपिंग पिना. चिप जागी होते त्या क्षणी त्यांची स्थिती वाचली जाते. त्यातली १२ सगळ्यात त्रासदायक, कारण ती फ्लॅशचं व्होल्टेज ठरवते. जागं होताना १२ हाय असेल तर फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट मिळतात आणि चिप ‘फ्लॅश रीड एरर’ छापत पुन्हा पुन्हा रीसेट होत राहते.

तुम्ही १२ वर १० केचा पुल-अप आणि रीड स्विच ठेवला आहे. म्हणजे लाइट गेली तेव्हा मीटरचं चुंबक रीडसमोर थांबलं असेल तर पिन लो, बोर्ड सुरू होईल. नसेल तर होणार नाही. टेबलावर दहा वेळा चालेल, शेतात एका सकाळी बंद सापडेल, आणि जाऊन मीटर हलवला की पुन्हा चालू. असला दोष शोधायला माणूस आठवडे घालवतो. ईफ्यूज (चिपमधली एकदाच बदलता येणारी खूण) जाळून फ्लॅशचं व्होल्टेज ३.३ वर कायम करता येतं, पण पिन बदलणं मोफत आहे.

१४ आणि १५ जागं होताना क्षणभर हाय जातात. १५ वर पंप आहे, म्हणजे प्रत्येक रीसेटला स्टार्टरला एक ठोका. ४ ही एडीसी२ ची (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाची) पिन. वायफाय चालू असताना एडीसी२ वाचता येत नाही, ओलाव्याचा तो सेन्सर कायम चूक दाखवेल. ३४ ते ३९ या पिनांना आत पुल-अप नाहीच, त्यामुळे ३५ वरचा फ्लोट तरंगत्या पिनेसारखा वागेल. कोडमध्ये पुल-अप लिहिला तरी चिप तो देऊ शकत नाही.

नवीन वाटप: व्हॉल्व्ह २५, २६, २७, ३३. पंप ३२. मीटर १३. फ्लोट ३५ वरच, पण बाहेरून १० के. ओलावा ३४ आणि ३६. डीएस३२३१ आहे तिथेच, ४.७ केचे पुल-अप ३.३ ला, ५ ला नाही.

ईएन पिनेला १० के आणि १ मायक्रोफॅरड हवेत. तुमच्याकडे १० के आहे, कपॅसिटर नाही. लाइन हळूहळू चढते तेव्हा याच्याशिवाय चिप अर्धवट जागी होते. मॉड्यूलच्या ३.३ पिनेला चिकटून २२ मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक. सध्याचा तुमचा २२ चा कपॅसिटर ४० मिमी लांब आहे, तो तिथे असून नसल्यासारखा.

तांबेपट्टी

लेआउट उघडला आहे.

एसआरडी रिलेचा फुटप्रिंट नीट मोठा करून पाहा. कॉमनची पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते, फक्त २ मिमी बाहेर सरकलेली. कॉमनपासून कॉइलच्या पिनेपर्यंत मध्य ते मध्य अंतर ६.३ मिमी भरतं. तुम्ही पॅड २.५ मिमीचे ठेवलेत, म्हणजे तांब्यापासून तांब्यापर्यंत ३.८ उरलं. त्यातून पुढे कॉइलचा ट्रॅक कॉमनच्या कडेने वळवला आहे, तिथे जेमतेम १.१ मिमी आहे. शिवाय खालचा ग्राउंड रिलेच्या पोटाखालून सलग गेलाय.

२४ व्होल्टच्या चार रिलेंना हे चालून जाईल. पंपाच्या रिलेला नाही. कॉमनच्या तिन्ही बाजूंनी १.५ ते २ मिमी रुंद खाच कापून घ्या, रिलेखालचं ग्राउंड काढा, कॉइलचे ट्रॅक उलट्या दिशेने बाहेर न्या.

कळदाबी

थांबा, खाच कापण्याआधी त्या रिलेवर येणारं व्होल्टेज पाहा. थ्री-फेज डीओएल स्टार्टरची कॉइल आपल्याकडे बहुतेक वेळा ४१५ व्होल्टची, दोन फेजांमध्ये जोडलेली असते. एसआरडी रिलेवर २५० व्होल्ट एसी लिहिलं आहे. कॉन्टॅक्टमधली फट ४१५ साठी बनलेलीच नाही. खाच कापून बोर्ड वाचेल, रिले वाचणार नाही. कॉन्टॅक्ट चिकटला तर पंप बंद होणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: ४१५ व्होल्ट या बोर्डावर येऊच नये. २४ व्होल्ट एसी कॉइलचे दोन छोटे कॉन्टॅक्टर स्टार्टरच्या पेटीत लावा, त्यांचे कॉन्टॅक्ट ४१५ ला रेट केलेले असतात. बोर्डावरचा रिले फक्त त्यांच्या कॉइलला २४ व्होल्ट देईल. बोर्डावर मग पन्नास व्होल्टपेक्षा जास्त काही राहत नाही आणि खाचेचा प्रश्नच मिटतो.

दोन का, तर एक सुरू करायला आणि एक बंद करायला. पहिल्याचा उघडा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंदांपुरता दाबायचा. दुसऱ्याचा बंद कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या सिरीजमध्ये, पंप थांबवायचा तेव्हा दोन सेकंद उघडायचा. यात स्टार्टरचं स्वतःचं लॅचिंग जसंच्या तसं राहतं. लाइट गेली की पंप सुटतो आणि परत आल्यावर कंट्रोलरने सांगेपर्यंत सुरू होत नाही. कंट्रोलर जळला तरी बटणांनी पंप हाताने चालतो, कारण बंद कॉन्टॅक्ट बंदच राहतो.

ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर यांच्या कॉन्टॅक्टला काहीही समांतर जोडू नका. ते सिरीजमध्येच राहिले पाहिजेत. एक फेज गेला आणि प्रिव्हेंटरला वळसा मिळाला, तर मोटार काही मिनिटांत जळते.

तांबेपट्टी

मान्य, हाच मार्ग चांगला. म्हणजे रिले सहा झाले. पंपाची दुसरी पिन जीपीआयओ२३ घ्या.

ठिबकवही

छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल खेचताना किती घेते? २ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला झेपेल का? ईएसपी रीसेट व्हायला नको.

रोहित्र

९ अँपिअरच्या नेहमीच्या कॉन्टॅक्टरला खेचताना साधारण ७० व्हीए लागतात, धरून ठेवायला ७-८. ७० म्हणजे २४ व्होल्टला जवळजवळ ३ अँपिअर, पण तेही फार तर ४० मिलिसेकंद. मिनी कॉन्टॅक्टर घेतलात तर ३० च्या आसपासच.

ईएसपीचं बघा. बोर्ड ५ व्होल्टला ०.४ अँपिअर घेतो, २ वॉट. रेग्युलेटरचा तोटा धरून २.४. ट्रान्सफॉर्मरकडून ४० मिलिसेकंद काहीच आलं नाही असं मानलं तरी ०.१ ज्यूल लागतात. ३३ व्होल्टला भरलेला १००० मायक्रोफॅरड तेवढ्यात ३० पर्यंतच उतरतो. रेग्युलेटरला ८ पुरतात. काही होणार नाही. फक्त व्हॉल्व्ह उघडणं आणि कॉन्टॅक्टर खेचणं यांत कोडमध्ये ५०० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. व्हॉल्व्हची कॉइलसुद्धा खेचताना धरून ठेवण्याच्या दुपटीजवळ घेते.

मायक्रोहेन्री

यूएलएन२००३ बद्दल. त्याच्यात डार्लिंग्टन जोड्या असतात, १०० मिलिअँपिअरला ०.९ ते १.१ व्होल्ट त्याच खातात. ५ मधून कॉइलला ४.१ उरले. एसआरडी-०५ खात्रीने खेचला जाण्याचं व्होल्टेज ७५ टक्के, म्हणजे ३.७५, पण ते खोलीच्या तापमानाला. तांब्याचा रोध दर डिग्रीला ०.३९ टक्क्याने वाढतो. एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या बंद पेटीत ६० डिग्री सहज होतात, तेव्हा तेच व्होल्टेज ४.३ च्या वर जातं. ४.१ मिळतात, ४.३ हवेत. दुपारी व्हॉल्व्ह उघडत नाही आणि संध्याकाळी उघडतो, ही तक्रार इथूनच येते.

यूएलएन काढून प्रत्येक रिलेला एओ३४०० मॉस्फेट लावा. गेटला १०० ओहम, गेटपासून ग्राउंडला १० के, कॉइलवर १एन४१४८ उलटा. २.५ व्होल्ट गेटलाच तो पूर्ण सुरू होतो, त्यामुळे ३.३ ला अडचण नाही आणि कॉइलला जवळजवळ पूर्ण ५ मिळतात.

कल्हईवाला

यूएलएन ठेवूनही मार्ग आहे. रिले १२ व्होल्टचे घ्या, त्यांना ३० मिलिअँपिअरच लागतात, आणि १२ मधून ०.९ गेले तरी बिघडत नाही. हाताने सोल्डर करणाऱ्याला एक १६ पायांची डिप चिप सहा चिमुकल्या एसओटी-२३ पार्टांपेक्षा सोपी.

मायक्रोहेन्री

सोपी खरी, पण मग १२ वरून एएमएस१११७ चालवता येणार नाही. २५० मिलिअँपिअरला (१२ − ३.३) × ०.२५ म्हणजे २.२ वॉटची उष्णता, एसओटी-२२३ ला ती झेपत नाही. दुसरा बक (स्विचिंग रेग्युलेटर) लागेल. ५ वरून तोच हिशेब ०.४ वॉटचा आहे. या बोर्डाला ५ व्होल्ट आणि मॉस्फेटच बरे.

एएमएस१११७ वरून आठवलं. त्याचा टॅब आउटपुट असतो, ग्राउंड नाही. एलएम२५७६ चा टॅब ग्राउंड. तुम्ही दोन्ही टॅब एकाच सवयीने ग्राउंडच्या पोरमध्ये (तांब्याच्या भरावात) सोडले आहेत. यू३ चा, म्हणजे एएमएस१११७ चा, टॅब ३.३ च्या वेगळ्या तांब्यावर न्या, साधारण दीड-दोन चौरस सेंटिमीटर. फुटप्रिंटमध्ये टॅबचा पिन नंबर २ आहे का तेही पाहा. त्याच्या आउटपुटला २२ मायक्रोफॅरड टँटॅलम ठेवा. नुसत्या सिरॅमिकवर हा जुना रेग्युलेटर डोलू शकतो.

तांबेपट्टी

लेआउटचं उरलेलं.

रेग्युलेटरचा करंट सगळ्यात वेगाने बदलतो तो इनपुट कपॅसिटर, चिप आणि डायोड या फेऱ्यात. हा फेरा जितका लहान तितका आवाज कमी. तुमचा डायोड इंडक्टरच्या पलीकडे गेलाय. तो चिपला खेटून आणा, इनपुटला इलेक्ट्रोलायटिकशिवाय ०.१ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा सिरॅमिकही अगदी पिनेजवळ द्या. फीडबॅकचा ट्रॅक आउटपुट कपॅसिटरच्या पायापासून उचला आणि इंडक्टरपासून दूर फिरवून न्या. सध्या तो इंडक्टरच्या पोटाखालून जातोय. आउटपुटवर दातेरी रिपल आणि ओलाव्याच्या वाचनात नाचणारे आकडे यामुळेच येतील.

२४ व्होल्ट एसीचे ट्रॅक ०.५ मिमी आहेत. ३५ मायक्रॉन तांब्यावर २ अँपिअरला १० डिग्री वाढ धरली तरी ०.८ मिमी लागतात. जागा आहे, २.५ करा.

ईएसपीचा अँटेना बोर्डाच्या मध्याकडे तोंड करून आहे आणि खाली ग्राउंड. मॉड्यूल फिरवा, अँटेना कडेच्या बाहेर लटकता ठेवा, नाहीतर त्याच्या भोवती १५ मिमी कोणत्याही थरात तांबं नको. पेटी पत्र्याची असेल तर एवढं करूनही उपयोग नाही. तेव्हा व्रूम-३२यूई घ्या, त्याला बाहेरच्या अँटेनाचं कनेक्टर असतं.

पाटकरी

शेतातून येणाऱ्या तारांकडे अजून कोणी पाहिलं नाही. मीटर किती लांब आहे?

ठिबकवही

मीटर १५० मीटरवर, फ्लोट ६० वर. ओलाव्याचे सेन्सर पेटीपासून २ मीटरच्या आत. मीटरसाठी पीसी८१७ ऑप्टो (तारेऐवजी प्रकाशातून सिग्नल देणारा पार्ट) टाकायचा विचार आहे.

पाटकरी

ऑप्टो टाकला म्हणजे आयसोलेशन झालं असं नाही. ऑप्टोच्या एलईडीला बोर्डाचेच ५ व्होल्ट आणि बोर्डाचंच ग्राउंड दिलं, तर १५० मीटरची तार थेट तुमच्या ग्राउंडला बांधलेली राहते. वळवाच्या विजा शेतात आजूबाजूला पडल्या की जमिनीतलं व्होल्टेज त्या तारेतून आत येतं. सेन्सरच्या बाजूला बी०५०५एस हा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा, १ वॉटचा पुरतो. त्याच्या ५ व्होल्टातून ६८० ओहम, एलईडी, तार, रीड आणि परत. साडेपाच मिलिअँपिअर येतात. ०.५ चौरस मिमी तारेचा जाऊन-येऊन रोध ११ ओहम, तो विसरून जा.

फ्लोटलाही तसंच. दोघांना एकच बी०५०५एस चालेल. टर्मिनलला ९० व्होल्टचे गॅस डिस्चार्ज ट्यूब पेटीच्या अर्थला, मग २२ ओहम, मग एसएमबीजे टीव्हीएस. ऑप्टो आणि कन्व्हर्टर यांच्याखाली दोन्ही थरांत ५ मिमी रुंद पट्टा तांब्याविना मोकळा ठेवा. आत जीपीआयओ१३ आणि ३५ च्या बाजूला १० के आणि ०.१ मायक्रोफॅरड, १ मिलिसेकंदाची गाळणी रीडच्या कंपनाला पुरते.

व्हॉल्व्हच्या प्रत्येक टर्मिनलवर ०७डी५६०के व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा पार्ट). तो ३५ व्होल्ट एसीपर्यंतचा आहे. ४७० घेऊ नका, त्याची मर्यादा ३० आणि वरच्या हिशेबात ३३.८ निघाले आहेत. याने रिलेच्या कॉन्टॅक्टवरची ठिणगी कमी होते.

शून्यव्होल्ट

ओलाव्याचे सेन्सर घेताना त्यावरचं ५५५ वाचा. टीएलसी५५५ असेल तर ३.३ वर चालतो. एनई५५५ असेल तर त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, ३.३ वर तो काहीतरी आकडा देतो पण तो मातीचा नसतो. आणि ईएसपीचा एडीसी ११ डीबीच्या सेटिंगला सुमारे ०.१५ ते २.४५ व्होल्टांतच भरवशाचा. सेन्सर कोरडा असताना त्याच्या वर जातो. १० के आणि २२ केचा डिव्हायडर लावा.

डीएस३२३१ ची सुटी चिप लावताय ते चांगलं. तयार निळं मॉड्यूल लावणार असाल तर त्यातला डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर काढा, तो सीआर२०३२ ला चार्ज करत राहतो आणि तो सेल चार्ज करायचा नसतो.

ठिबकवही

सगळे बदल घातले. बोर्ड १३० × १०० झाला. नवीन स्कीमॅटिक आणि लेआउट जोडले आहेत. आधीची तक्रार अजून कुठे शिल्लक दिसते का? आणि पहिला बोर्ड आल्यावर कोणत्या क्रमाने भरू?

तांबेपट्टी

एसी_कॉमन आता वेगळा, पाहिला. यू३ चा टॅब बरोबर. एवढंच दिसतंय: एओ३४०० साठी तुम्ही निवडलेल्या चिन्हात गेट १, ड्रेन २, सोर्स ३ असा क्रम आहे. खऱ्या पार्टमध्ये गेट १, सोर्स २, ड्रेन ३. असाच गेला तर आतला डायोड कायम सुरू राहील आणि सहाही रिले पॉवर देताच चिकटतील. चिन्ह बदला, मग सहाही ठिकाणी नेट पुन्हा तपासा. नंतर लेआउट कागदावर एकास एक छापा आणि रिले, टर्मिनल, इंडक्टर हे खरे पार्ट त्यावर ठेवून पाहा. इंडक्टर २२० चा झाल्याने त्याचा फुटप्रिंट बदलला आहे.

कल्हईवाला

भरण्याचा क्रम: आधी फक्त ब्रिज, कपॅसिटर, एलएम२५७६एचव्ही, इंडक्टर, डायोड. ५ व्होल्टला २२ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर लोड म्हणून. बेंच सप्लायवरून २०० मिलिअँपिअरच्या मर्यादेने १५ व्होल्ट डीसी द्या, ५ आले का पाहा, मग ३० पर्यंत चढवा. लोडवर ५.० ± ०.२ च्या बाहेर गेलं तर पुढे जाऊ नका. दहा मिनिटांनी इंडक्टरला बोट लावता आलं पाहिजे.

मग एएमएस१११७, ३.३ मोजा. मग ईएसपी आणि प्रोग्रॅमिंगची पिनपट्टी. वायफाय चालू करून ३.३ च्या लाइनवर स्कोप ठेवा, ३.० च्या खाली डुबकी दिसली तर मॉड्यूलजवळचा कपॅसिटर पुन्हा पाहा. ब्राउनआउटचा (व्होल्टेज पडल्याचा) संदेश सॉफ्टवेअरमधून बंद करून टाकू नका, तो खरं बोलतोय. त्यानंतर रिले आणि मॉस्फेट, एकेक. रीसेटचं बटण वीस वेळा दाबा आणि एकही रिले टिकटिकत नाही हे ऐका. ट्रान्सफॉर्मर सगळ्यात शेवटी, त्याच्या तारेत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

पाटकरी

शेतात बसवण्याआधी धुऊन, वाळवून दोन्ही बाजूंनी कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. टर्मिनल, बॅटरीचा सॉकेट आणि प्रोग्रॅमिंगच्या पिना चिकटपट्टीने झाका. पेटीच्या तारा खालूनच आत घ्या, केबल ग्लँड घट्ट, न वापरलेलं भोक बंद. उघड्या भोकातून मुंग्या येतात आणि कॉन्टॅक्टरच्या फटीत घर करतात, मग कॉइल गुणगुणते पण कॉन्टॅक्ट लागत नाही. पालींचंही तेच. पेटी पश्चिमेकडच्या भिंतीवर लावू नका.

ठिबकवही

मॉस्फेटचं चिन्ह बदललं, सहाही नेट तपासले. छापून रिले ठेवून पाहिले, बसतात. टर्मिनल ५.०८ मिमीचे आहेत, फुटप्रिंट ५.०० चा होता, तोही बदलला. पाच बोर्डांची ऑर्डर उद्या टाकतो. पॉवरचा भाग भरला की मोजमापं याच धाग्यावर देईन.

रोहित्र

मोजमापांत एक आकडा नक्की द्या: व्हॉल्व्ह सगळे बंद असताना, रात्री दहानंतर, १००० मायक्रोफॅरडच्या टोकांवरचं डीसी व्होल्टेज. सोबत त्या वेळचं लाइनचं एसी व्होल्टेजही.